भिंतीतलं केबलचं भोक बुजवायचंय. आग, उंदीर आणि काट्याचा नाच, तिन्ही एकाच भरावात थांबतील का?

सरकीवाला
नमस्कार मंडळी. जामनेर तालुक्यात आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. पॅनेल रूम आणि वजनकाट्याचं ऑफिस यांच्यामध्ये नऊ इंची विटांची भिंत आहे. त्या भिंतीत जमिनीपासून हातभर वर एक चौकोनी भोक आहे, दीड फूट बाय एक फूट असेल. प्रेसच्या मोटरची केबल, जिनांच्या केबल, सीसीटीव्ही आणि काट्याच्या लोडसेलची (वजन मोजणाऱ्या सेन्सरची) वायर, सगळं एकावर एक त्यातूनच जातं. उरलेल्या जागेत कुणीतरी केव्हातरी गोणपाट कोंबून ठेवलंय.

यंदा विम्याचे सर्व्हेअर आले. म्हणाले, रुईला आग लागली तर ही भिंत असून नसल्यासारखी आहे, भोक बुजवा. ते ठीक. दुसरं दुखणं असं की प्रेसची व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू झाली की काट्याचा आकडा नाचायला लागतो. चाळीस-पन्नास किलो खाली-वर. कापसाचं ट्रॅक्टर काट्यावर उभं, शेतकरी डिस्प्लेकडे टक लावून, आणि आकडा काही थांबत नाही. मग सुरू होतं, "शेठ, काटा मारून राह्यले का?" सांगणार काय त्यांना?

एका विक्रेत्याने 'ईएमआय शील्डिंगवालं', म्हणजे विजेचा नॉईज अडवणारं, भरण सुचवलंय. म्हणतो, भोकात भरलं की आगही थांबते आणि नॉईजही. भाव ऐकून मी पाणी प्यायलो. खरंच दोन्ही कामं एका भरणात होतात का?

खापरावरचे_मांडे
अरे भाऊ, जिनमा गोणपाट! तुमनं नशीब भलतं जोरमा शे. आधी ते काढी टाका, मग धागा वाचत बसा.

मेगर_मास्तर
गोणपाटाबद्दल मांडेभाऊंशी शंभर टक्के सहमत. आता काट्याकडे वळतो.

सरकीवालाभाऊ, एक सोपी परीक्षा करा. काट्याच्या ऑफिसचं दार लावून घ्या आणि मोबाइल बघा. रेंज येते ना? म्हणजे लहरी विटांमधून आरपार येतात. अशा भिंतीतलं एक भोक महागड्या शील्डिंगने बुजवणं म्हणजे कुडाच्या झोपडीला सात लिव्हरचं कुलूप. विक्रेत्याचा माल खोटा असेलच असं नाही, पण तुमच्या भिंतीला तो लागू नाही.

आता नॉईज येतो कुठून ते बघू. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आत डीसी बस (एसीची डीसी केलेली आतली लाइन) सुमारे 590 व्होल्टची असते. ड्राइव्ह ती सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, आणि एकेक तोड-जोड 100 नॅनोसेकंदांच्या आसपास उरकते. इतक्या चटकन व्होल्टेज उड्या मारायला लागलं की त्यात काही मेगाहर्ट्झपर्यंतचा कचरा तयार होतो. 10 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 30 मीटर. तुमचं दीड फुटी भोक त्यापुढे काहीच नाही, त्यातून लहरी 'गळतात' म्हणून काटा नाचतोय असं नाही. कचरा मोटरच्या केबलवर बसून येतो आणि तिला खेटून पडलेल्या लोडसेलच्या वायरवर उडी मारतो.

आणि लोडसेलचा सिग्नल किती, तर 10 व्होल्ट दिले आणि 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट धरले तर पूर्ण भाराला 20 मिलिव्होल्ट. 50 टनांचा हिशोब मांडला तर 10 किलो म्हणजे 4 मायक्रोव्होल्ट. शेजारून 590 व्होल्ट उड्या मारतायत आणि इथे 4 मायक्रोव्होल्टची गोष्ट. नाचणार नाही तर काय करणार?

तेव्हा भोक आगीसाठी बुजवा, नॉईजचा बंदोबस्त पॅनेलवर करा. कामं दोन, ठिकाणं दोन. लोडसेलची वायर आधी त्या भोकातून बाहेर काढा.

केळीबाग
मास्तर, भिंतीलाच शील्ड केलं तर? कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी दोन रुपयांत मिळते. भिंतीला ठोकायची, वरून गिलावा, अर्थिंगची तार जोडायची. आमच्या रायपनिंग चेंबरच्या कंट्रोलरला एकाने असंच करून दिलंय. चालतंय.

मेगर_मास्तर
केळीबागभाऊ, जाळीच्या भोकाचा आकार बघितला तर काही मेगाहर्ट्झला ती वाईट नाही. पण एका भिंतीला लावून काय उपयोग? सहाही बाजू हव्यात, दार-खिडकीसकट, आणि प्रत्येक जोड धातूला धातू टेकवून. एवढं करूनही तिच्यातून एक उघडी वायर आत गेली की खेळ संपला. बाहेरचा नॉईज त्या वायरवर बसून आत येतो आणि आत जाऊन पुन्हा पसरतो. तुमच्या कंट्रोलरचं जे भलं झालं ते बहुतेक अर्थिंगची नवी तार ओढल्यामुळे झालं असणार. जाळीला फुकटचं श्रेय.

केळीबाग
असेल. केळी पिकतात, माझं काम झालं. 🙂

तापीकाठचा
भुसावळकडच्या सबस्टेशनांमध्ये नोकरी गेली माझी, आता निवृत्त. नॉईजचं मास्तरांवर सोडतो, मी भोकावर बोलतो.

पीयू फोम मारू नका. हार्डवेअरच्या दुकानात डबा मिळतो, फुस्स करून फुगतो, दिसायला झकास. तो जळतो, आणि जळताना काळा विषारी धूर सोडतो. शिवाय उंदरांना भारी आवडतो. उंदीर आले की त्यांच्यामागे पावसाळ्यात साप येतो. केबल ट्रेंचचं झाकण उचललं आणि आत धामण वेटोळं घालून बसलीय, हे आमच्याकडे नवलाचं नव्हतं.

नुसतं सिमेंटही नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यात केबल स्वतःच्या करंटने तापते, फुगते, रात्री आकसते. दोन उन्हाळ्यांत सिमेंट केबलभोवती चिरतं, आणि आगीला तेवढी चीर पुरते. पुढे नवीन केबल टाकायची वेळ आली की छिन्नी-हातोडा, म्हणजे जुन्या केबलला मुकाल.

करायचं असं. मधे रॉकवूल (दगडी लोकर) दाबून भरायचं, 1000 अंशांपर्यंत त्याला काही होत नाही. दोन्ही तोंडांना फायरस्टॉप मॉर्टर, किंवा तापल्यावर फुगणारं सीलंट. त्या सीलंटमधला ग्राफाइट साधारण 200 अंशांच्या आसपास फुगायला लागतो, आणि केबलचं प्लास्टिक वितळून जी पोकळी होते ती भरून काढतो. खरं काम हेच आहे. आग लागायच्या आधी भोक बंद दिसतं, पण केबलचं आवरण वितळल्यावर ते परत उघडतं. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही हेच अपेक्षित आहे, भिंत जितका वेळ आग अडवणार तितकाच वेळ भोकाच्या भरावाने अडवायला हवी.

जिनिंगमध्ये दर हंगामाला काहीतरी नवी वायर पडतेच. तुमच्यासाठी फुगणाऱ्या उशा बऱ्या. छोट्या उशांसारख्या पिशव्या येतात, एकमेकींवर रचून दाबायच्या, वायर टाकायची असली की दोन काढायच्या, परत बसवायच्या. फक्त बाहेरून उंदरांसाठी लोखंडी पत्रा लावा.

मेगर_मास्तर
काका, सगळं पटलं, पत्र्यापाशी थांबलो. सरकीवालाभाऊंची मोठी फीडर केबल सिंगल कोअर (एका केबलमध्ये एकच फेज) असेल आणि आर, वाय, बी या तीन फेजपैकी प्रत्येकीला पत्र्यात वेगळं भोक पाडलं, तर त्या लोखंडात करंट फिरून पत्राच तापेल. तीनशे अँपिअरला हात लावून बघा, चटका बसतो. तिन्ही फेज एकाच खिडकीतून न्या, नाहीतर ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या.

तापीकाठचा
बरोबर. थ्री कोअर आर्मर्ड (तिन्ही फेज एकाच केबलमध्ये, वर धातूचं कवच) डोक्यात धरून लिहिलं होतं, जिनांच्या मोटारींना तीच असते. सिंगल कोअर असेल तर ॲल्युमिनियम.

हेमा_धुळे
मी रुग्णालयांची यंत्रं बसवण्याच्या कामात आहे, त्यामुळे उलट बाजूचं उदाहरण देते. आमच्याकडे भिंत खरोखरच शील्ड असते आणि तिथे भोक म्हणजे जीव की प्राण.

एमआरआयची खोली आतून तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते. 1.5 टेस्लाचं मशीन सुमारे 63.9 मेगाहर्ट्झवर ऐकतं, 3 टेस्लाचं 127.7 वर. पेशंटच्या शरीरातून येणारा सिग्नल अगदी क्षीण, आणि आजूबाजूला एफएम, वॉकीटॉकी, रस्त्यावरच्या गाड्या. म्हणून खोलीने बाहेरचं साधारण 90 ते 100 डीबीने (डेसिबलने) कमी करायचं असतं. 100 डीबी म्हणजे एक लाखावा भाग.

तिथे एकही वायर सरळ भिंतीतून जात नाही. वीज, सिग्नल सगळं एका धातूच्या पॅनेलवर येतं, प्रत्येक वायर फिल्टरमधून आत शिरते आणि फिल्टरचं खोकं पॅनेलला चहूबाजूंनी टेकलेलं असतं. ऑक्सिजनची नळी, हवा यांच्यासाठी धातूची नळकांडी. नळकांडं पुरेसं अरुंद आणि लांब असलं की ठराविक फ्रिक्वेन्सीखालचं काही त्यातून पार होत नाही. 25 मिमी व्यासाच्या गोल नळीची ती मर्यादा सुमारे 7 गिगाहर्ट्झ. लांबी व्यासाच्या तिप्पट ठेवली, म्हणजे 75 मिमी, की मर्यादेच्या बऱ्याच खाली जवळपास 96 डीबीची कपात मिळते. नळी पूर्ण उघडी, आरपार दिसते, हवा जाते, आणि तरी लहरी अडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे खोटंच वाटतं.

पण त्याच नळीतून एक वायर घातली की ती नळी कोॲक्स केबल (मधे तार, भोवती धातू, टीव्हीच्या वायरसारखी) होते आणि मर्यादा वगैरे सगळं संपतं. एका ठिकाणी कुणीतरी कॅमेऱ्याची वायर ऑक्सिजनच्या रिकाम्या नळकांड्यातून ओवली होती. प्रत्येक स्कॅनवर ठिपक्यांची उभी रेघ, झिप लावल्यासारखी. मशीनवाले आले, कॉइल बदलल्या, सॉफ्टवेअर बदललं. शेवटी एक सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "ती नवी वायर आली तेव्हापासून हे साहेब लोक येऊन राह्यले." वायर उपटली, रेघ गेली.

खापरावरचे_मांडे
मावशीला सर्व्हिस इंजिनिअर करा!

तापीकाठचा
हेमाताई, मग जिथे धातूची भिंत आहे, आगही अडवायची, पाणीही, आणि केबल तर न्यायचीच आहे, तिथे काय? फिल्टर सगळ्यांना थोडाच लावता येतो. कंटेनरमधलं सबस्टेशन, जहाज, लष्करी शेल्टर वगैरे.

हेमा_धुळे
काका, तिथेच दोन्ही कामं एका जागी येतात. धातूची चौकट भिंतीला वेल्ड करतात किंवा रंग खरवडून बोल्ट करतात. चौकटीत रबराचे ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यात अर्धगोल खाच, त्यात केबल. स्वीडनच्या रॉक्सटेकचे ठोकळे प्रसिद्ध आहेत, त्यांच्या खाचेत पापुद्रे असतात, केबलच्या जाडीप्रमाणे एकेक सोलून काढायचा. मग पाचरीने सगळं दाबून घट्ट. पाणी, आग, धूर, उंदीर, सगळं बंद.

शील्डिंगवाल्या ठोकळ्यात वाहक थर असतो. त्याचा उपयोग व्हायला केबलचं बाहेरचं प्लास्टिक तेवढ्या भागात सोलून आतली जाळी उघडी करावी लागते, आणि ती जाळी गोल सगळीकडून त्या थराला टेकली पाहिजे. गडी लोक इथेच फसवतात. प्लास्टिक न सोलता केबल बसवली की बाहेरून काम तंतोतंत तेच दिसतं. मापलं तरच कळतं.

फायबर ऑप्टिक असेल तर निम्मी चिंता मिटते. फक्त तिच्यात स्टीलची तार किंवा आर्मर नको, असलं तर भिंतीपाशीच चौकटीला जोडायचं.

डीबी_काका
लग्नाच्या मांडवात साउंड लावण्यात हयात गेली. आमच्यात साधा नियम, शील्ड (वायरच्या आतली जाळी) एकाच टोकाला अर्थ करायची. दोन्हीकडे केली की 'हम्म्म्' सुरू, आणि नवरीचा मामा माइकवर भाषण करायला उभा. तुम्ही लोक सगळीकडे टेकवा टेकवा म्हणताय, हे गणित मला जमत नाही.

मेगर_मास्तर
काका, तुमचा नियम तुमच्या कामाला बरोबर आहे. मांडवात दोन टोकांच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, शील्डमधून 50 हर्ट्झचा करंट वाहतो, म्हणून हम्म. पण 3 मेगाहर्ट्झला 25 मीटर म्हणजे पाव तरंगलांबी. तेवढ्या केबलची शील्ड एका टोकाला मोकळी सोडली की ती अँटेना झाली. म्हणून व्हीएफडीच्या मोटर केबलची शील्ड दोन्ही टोकांना, आणि तीही गोल क्लॅम्पने किंवा ईएमसी ग्लँडने (केबलची जाळी पॅनेलला गोल टेकवणाऱ्या धातूच्या ग्लँडने).

इथे सगळ्यांची एक सवय असते. जाळी पिळून तिची शेपटी करायची, लग्ज मारायचा, अर्थच्या पट्टीला जोडायचा. मल्टिमीटरवर बीप येतो, सगळे खूष. 10 सेंटिमीटरच्या शेपटीचं इंडक्टन्स साधारण 100 नॅनोहेन्री. 50 हर्ट्झला शून्यवतच. 10 मेगाहर्ट्झला 6 ओहम, 100 मेगाहर्ट्झला 63 ओहम. नॉईजच्या नजरेने ती अर्थिंग तुटलेलीच.

लोडसेलसारख्या नाजूक सिग्नलला मधला मार्ग आहे. एक टोक थेट, दुसरं टोक 10 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरने. 50 हर्ट्झला तो 3 लाख ओहमच्या वर, म्हणजे तुमचा हम्म बंद. 10 मेगाहर्ट्झला दीड-एक ओहम, म्हणजे माझा कचरा मार्गी. फक्त कपॅसिटरचे पाय आखूड ठेवा, नाहीतर शेपटीचंच दुखणं परत. आणि इंडिकेटरवाल्या (काट्याचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राच्या) कंपनीने जे लिहून दिलंय ते आधी वाचा.

डीबी_काका
दोघांचंही भांडण मिटवलंत. पुढच्या आखाजीला मांडे माझ्याकडून.

राणी_यावल
थोडं अवांतर. आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे डीपी आहे, ट्रान्सफॉर्मरसकट. सासूबाईंनी भिंतीला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवायला लावलीय, 'रेडिएशन' अडतं म्हणून. अडतं का?

हेमा_धुळे
राणीताई, नाही. 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र फॉइलला जुमानत नाही. त्या फ्रिक्वेन्सीला तांब्यातसुद्धा ते 9 मिमी आत गेल्यावर कुठे निम्म्याहून थोडं जास्त कमी होतं, फॉइल त्याच्या शंभराव्या भागाचीही नसते. अंतर मात्र कामाला येतं, पलंग समोरच्या भिंतीला घ्या. घाबरण्यासारखं नाही, 50 हर्ट्झला सामान्य माणसांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पातळी 200 मायक्रोटेस्ला आहे. वीज कंपनीला मोजायला सांगता येईल.

राणी_यावल
धन्यवाद ताई. फॉइल राहू देते, सासूबाई खूष आहेत. पलंग हलवते.

सरकीवाला
सगळ्यांचे आभार. आखाजीच्या सुट्टीत काम काढलं. जिन बंद होती, पण उरलेल्या रुईच्या गाठी बांधायच्या असल्याने प्रेस चालवून बघता आली.

गोणपाट काढलं तर आतून दोन बोटं जाड रुईचा थर निघाला, मऊ गादीच. सर्व्हेअर त्या दिवशी नव्हते ते बरं. लोडसेलची वायर भोकातून काढून वेगळ्या जीआय पाइपमधून दुसऱ्या भिंतीने फिरवली, मोटरच्या केबलला ओलांडते तिथे काटकोनात. प्रेसच्या मोटरला शील्डवाली केबल ओढली. ड्राइव्हच्या पॅनेलचा तळाचा पत्रा पावडर कोटिंगचा होता, इलेक्ट्रिशियन तसाच ग्लँड कसायला निघाला होता. मास्तरांचं वाचून त्याला ग्लँडच्या चकतीएवढा रंग पॉलिश पेपरने उडवायला लावला. तो म्हणे, "नव्या पॅनेलचा रंग काढायचा?" तोंड वाकडं करून केलं.

प्रेस चालू केली, काट्यावर रिकामं ट्रॅक्टर उभं केलं. आकडा जागचा हलला नाही. भोकाला काकांनी सांगितल्याप्रमाणे उशा, बाहेरून पत्रा, तिन्ही फेज एकाच खिडकीतून.

एक मात्र राहिलंय. गेटवरचा वॉचमन वॉकीटॉकी घेऊन ऑफिसात येतो आणि बटण दाबून बोलला की आकडा हलतो. फक्त तेव्हाच.

मेगर_मास्तर
झकास काम. वॉकीटॉकीचं वेगळं आहे. 5 वॉटचा सेट असेल तर एका मीटरवर 12 ते 15 व्होल्ट प्रति मीटरचं क्षेत्र होतं. कारखान्यातल्या उपकरणांची सर्वसाधारण चाचणी 10 ला होते, म्हणजे इंडिकेटर बिचारा परीक्षेबाहेरचा पेपर सोडवतोय. तीन मीटरवर तेच 4-5 वर येतं. इंडिकेटर प्लास्टिकच्या डब्यात असेल तर धातूच्या डब्यात घ्या, लोडसेलची वायर ईएमसी ग्लँडमधून आत न्या, आणि पॉवरच्या वायरवर फेराइटचं (नॉईज शोषणारं) कडं बसवा.

तापीकाठचा
नाहीतर दाराबाहेर तीन मीटरवर पिवळी रेघ मारा. वॉकीटॉकी रेघेपलीकडे. सबस्टेशनच्या रिले रूमच्या दारावर आम्ही पाटीच लावलेली असायची.

खापरावरचे_मांडे
वॉचमनले सांगा, आत येवाना शे तर हाक मारीसन बोल, बटन दाबू नको. फुकटनं काम शे.

सरकीवाला
आजच रेघ मारतो. धातूच्या डब्याचा भाव काढायला टाकलाय, हंगामाआधी बसवून टाकू. हेमाताई, त्या ईएमसी ग्लँडमध्येही वायरचं प्लास्टिक सोलून जाळी उघडी करावी लागते ना? इलेक्ट्रिशियनला आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे परत तोंड वाकडं करायला त्याला वेळ मिळेल.

हेमा_धुळे
हो. ग्लँडच्या आतल्या स्प्रिंगला जाळी टेकते तेवढंच सोला, आतल्या तारांना ब्लेड लागू देऊ नका. बसवल्यावर वायर हलकेच ओढून बघा, आणि जाळी ते पॅनेलचा पत्रा असा बीप घ्या. बीप आला म्हणजे जोडलंय एवढंच कळेल. जाळी गोल सगळीकडून टेकलीय का, ते ग्लँड कसायच्या आधी डोळ्यांनी बघा.